निदानानंतरचे आयुष्य
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी फुफ्फुसाच्या कर्करोगासारखा विषय व्याख्यानासाठी का निवडावा, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु पन्नास वर्षे चाललेल्या कोणत्याही धर्मादाय संस्थेचे दप्तर उघडले, तर मंदिराचा जीर्णोद्धार, पाठशाळा, शिष्यवृत्ती यांच्या जोडीला वैद्यकीय साहाय्याचे अर्ज असतातच. त्या अर्जांना बिले जोडलेली असतात, रिपोर्ट जोडलेले असतात. जोडलेला नसतो तो एक प्रश्न. अर्जदार तो लिहीत नाही, विश्वस्त तो उघडपणे विचारीत नाहीत, पण बैठकीत तो सर्वांच्या मनात असतो. एवढा खर्च केला तर रुग्णाला किती दिवस मिळतील?

घरोघरी हाच प्रश्न निराळ्या रीतीने विचारला जातो. रुग्णालयाच्या व्हरांड्यात मुलगा किंवा जावई डॉक्टरांना बाजूला घेतो. रुग्ण आत खाटेवर असतो. डॉक्टर थोडे थांबतात आणि "सहा महिने, फार तर वर्ष" असे काहीतरी सांगतात. त्या क्षणापासून तो आकडा घराचा कारभारी होऊन बसतो. लग्नाची तारीख अलीकडे ओढली जाते, वाटणीपत्र घाईने होते, शिखरजीच्या यात्रेचा बेत रद्द होतो. काही घरांत त्या आकड्याच्या आधारे उपचारच सोडून दिले जातात, तर काही घरांत तो आकडा खोटा पाडण्यासाठी राहते घर गहाण पडते. एका आकड्यावर एवढा भार टाकण्यापूर्वी तो आकडा मुळात काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे पाहणे अगत्याचे आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण वैद्यकाच्या क्षेत्रातले नाही, तर जीवाश्मशास्त्राच्या क्षेत्रातले आहे. स्टीफन जे गूल्ड हे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातील नामांकित शास्त्रज्ञ. जुलै १९८२ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यांना पोटाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा दुर्मिळ आणि असाध्य मानला जाणारा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. शस्त्रक्रियेतून सावरताच त्यांनी ग्रंथालय गाठले. तेथे वाचायला मिळाले ते असे की, या रोगाच्या निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक आठ महिने आहे. दुसरा एखादा मनुष्य तेथेच कोसळला असता. गूल्ड यांना संख्याशास्त्राची चांगली जाण होती. मध्यक म्हणजे रुग्णांना रांगेत उभे केल्यास बरोबर मधल्या रुग्णाचा आकडा. निम्मे रुग्ण आठ महिन्यांच्या आत जातात, हे खरे. पण मग उरलेले निम्मे त्यानंतर जगतात, हेही तितकेच खरे. आणि त्या उरलेल्या निम्म्यांची रांग आठ-नऊ महिन्यांवर थांबत नाही, ती दूरवर लांबत जाते. आयुष्य शून्यापेक्षा कमी होऊ शकत नाही, म्हणून आलेख डावीकडे दाटलेला असतो. उजवीकडे मात्र त्याला लांब शेपूट असते. आपले वय, रोग लवकर सापडणे, उत्तम उपचार मिळणे यांमुळे आपण त्या शेपटात असण्याची शक्यता बरीच आहे, असे त्यांनी ताडले. १९८५ मध्ये त्यांनी यावर एक निबंध लिहिला. मध्यक हा संदेश नव्हे, हे त्याचे सूत्र होते. आठ महिन्यांच्या आकड्यानंतर गूल्ड वीस वर्षे जगले. २००२ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले ते निराळ्याच कर्करोगाने, आणि तो फुफ्फुसाचा होता. या दुसऱ्या वेळी निदानानंतर त्यांना केवळ काही आठवडे मिळाले. एकाच मनुष्याच्या आयुष्यात आकड्याची दोन्ही टोके दिसावीत, हे विलक्षण आहे.

तेव्हा "सहा महिने" याचा अर्थ "सहाव्या महिन्याच्या अखेरीस" असा नाही. ती मुदत नव्हे, हुंडी तर नव्हेच. शेकडो अनोळखी रुग्णांच्या रांगेतील मधल्या माणसाची ती नोंद आहे. शिवाय ते रुग्ण आज उपचार घेणारे नसतात. पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण काढायचे, तर रुग्णांचे निदान किमान पाच वर्षांपूर्वी झालेले असावे लागते; म्हणजे छापील आकडा नेहमी कालच्या औषधांचा असतो. "पाच वर्षे जगण्याचे प्रमाण" या शब्दप्रयोगाचाही अनेकदा विपर्यास होतो. पाच वर्षांनी मृत्यू, असा त्याचा अर्थ लावणारे सुशिक्षित लोकही भेटतात. शंभर रुग्णांपैकी पाच वर्षांनी हयात असलेले किती, एवढाच त्याचा अर्थ. त्यांतील अनेक जण पुढे दहा-वीस वर्षेही जगतात.

आता प्रत्यक्ष फुफ्फुसाच्या कर्करोगाकडे वळावे. २०२२ या वर्षी जगात सुमारे पंचवीस लाख लोकांना हा रोग झाल्याचा आणि अठरा लाखांहून अधिक लोक त्याने दगावल्याचा अंदाज आहे. भारतात त्याच वर्षी नवे रुग्ण सुमारे ऐंशी हजार होते. एवढे बळी दुसरा कोणताही कर्करोग घेत नाही. तरीही "फुफ्फुसाचा कर्करोग" हे एका रोगाचे नाव नाही. या नावाखाली अनेक रोग आहेत, आणि त्यांची आयुर्मर्यादा परस्परांपासून फार दूर आहे. पहिला भेद पेशीचा. सुमारे पंधरा टक्के रुग्णांत लहान पेशींचा कर्करोग असतो. तो जवळजवळ नेहमी धूम्रपानाशी निगडित असून फार वेगाने पसरतो. उरलेले पंच्याऐंशी टक्के दुसऱ्या गटातले. त्या गटात ॲडिनोकार्सिनोमा हा प्रकार आता सर्वांत अधिक आढळतो, आणि आयुष्यात कधी विडी-सिगारेटला हात न लावलेल्या स्त्री-पुरुषांना होतो तो बहुधा हाच.

दुसरा भेद अवस्थेचा. गाठ केवढी आहे, छातीच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचली आहे काय, आणि मेंदू, हाडे, यकृत अशा दूरच्या अवयवांत गेली आहे काय, यांवरून पहिली ते चौथी अशा अवस्था ठरतात. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संघटनेने जगभरातील रुग्णांची माहिती एकत्र करून जे कोष्टक काढले, त्यानुसार एक सेंटिमीटरपर्यंतची गाठ एकाच ठिकाणी असताना सापडली तर शंभरपैकी सुमारे ९२ रुग्ण पाच वर्षांनी हयात होते. पहिल्याच अवस्थेतील थोड्या मोठ्या गाठींत हे प्रमाण ६८ ते ८३ पर्यंत, दुसऱ्या अवस्थेत ५३ ते ६० आणि तिसरीत ३६ वरून १३ पर्यंत उतरते. रोग दूरवर पण मर्यादित पसरलेला असेल तर १०, आणि अनेक ठिकाणी पसरलेला असेल तर जवळजवळ शून्य. ब्याण्णव आणि शून्य हे दोन्ही आकडे "फुफ्फुसाच्या कर्करोगाचे"च आहेत. मग शेजारच्या गल्लीतील अमुक काका चार महिन्यांत गेले, म्हणून आपल्याही काकांचे तसेच होणार, हा तर्क किती पोकळ आहे हे वेगळे सांगायला नको.

दुर्दैव असे की, बहुतेक रुग्ण पहिल्या अवस्थेत सापडतच नाहीत. फुफ्फुसाच्या आत वेदना जाणणाऱ्या संवेदना नसतात, त्यामुळे गाठ वाढत असता मनुष्य आपले दुकान, आपली शेती सांभाळत असतो. तीन-चार आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, थुंकीतून रक्त, आवाज बसणे, वजन घटणे ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो. भारतात त्यात आणखी एक भर पडते. क्ष-किरण चित्रावर डाग दिसला की क्षयरोगाचा संशय प्रथम येतो. देशात क्षय मोठ्या प्रमाणावर असल्याने तो संशय अवाजवीही नाही. पण थुंकीत जंतू सापडलेले नसताना केवळ डागावरून क्षयाच्या गोळ्या सुरू होतात आणि त्या गोळ्यांवर काही मौल्यवान महिने निघून जातात. गोळ्या घेऊनही डाग विरघळला नाही, तर बायोप्सीसाठी आग्रह धरणे हे नातेवाइकांचे काम आहे. त्यात डॉक्टरांचा अवमान होत नाही.

जे अनेक वर्षे भरपूर धूम्रपान करीत आले आहेत त्यांच्यासाठी कमी मात्रेच्या सीटी स्कॅनची तपासणी उपयोगी ठरते. अमेरिकेत त्रेपन्न हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या तपासणीमुळे फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू एक-पंचमांशाने घटले. सरसकट सर्वांनी मात्र हा स्कॅन काढीत बसू नये.

तिसरा भेद सर्वांत नवा आहे, आणि गेल्या दोन दशकांत आयुर्मानाचा हिशेब खऱ्या अर्थाने बदलला तो त्यामुळे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात पसरलेल्या रोगाच्या रुग्णांना चार निरनिराळ्या केमोथेरपी देऊन पाहिल्या. चारही सारख्याच ठरल्या. आयुष्याचा मध्यक जेमतेम आठ महिने. "सहा महिने, फार तर वर्ष" हे वाक्य त्या काळाचे आहे, आणि तेव्हा ते प्रामाणिकही होते. पुढे २००४ मध्ये असे उलगडले की, काही रुग्णांच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जनुकात उत्परिवर्तन झालेले असते आणि अशा रुग्णांना जेफिटिनिबसारख्या साध्या गोळीने आश्चर्यकारक गुण येतो. २००७ मध्ये जपानी संशोधकांनी एएलके हे दुसरे जनुक दाखवून दिले. आशियाई रुग्णांत, विशेषतः धूम्रपान न करणाऱ्यांत, ईजीएफआरचा दोष पाश्चात्त्यांपेक्षा बराच अधिक आढळतो. भारतात ॲडिनोकार्सिनोमाच्या साधारण चौथ्या हिश्श्याहून अधिक रुग्णांत तो असतो. ऑसिमर्टिनिब या नव्या गोळीवरील आंतरराष्ट्रीय अभ्यासात अशा रुग्णांच्या आयुष्याचा मध्यक ३८.६ महिन्यांवर गेला. एएलकेच्या रुग्णांची कथा तर याहून उजवी आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार लॉरलॅटिनिब ही गोळी घेणाऱ्या शंभरपैकी साठ रुग्णांत पाच वर्षांनंतरही रोग पुढे सरकलेला नव्हता. हे बहुतेक चौथ्या अवस्थेचे रुग्ण होते.

ज्यांच्या गाठीत असे जनुक सापडत नाही त्यांच्यापैकी काहींना रोगप्रतिकारशक्ती जागी करणाऱ्या इंजेक्शनांचा लाभ होतो. पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाच्या अभ्यासात, निवडक रुग्णांपैकी पाच वर्षांनी सुमारे ३२ टक्के हयात होते. केवळ केमोथेरपीने सुरुवात केलेल्या गटात १६ टक्के. लहान पेशींच्या कर्करोगातही, तो छातीपुरता मर्यादित असेल तर, २०२४ मधील एका अभ्यासात आयुष्याचा मध्यक ३३ महिन्यांवरून ५६ महिन्यांच्या आसपास गेला.

हे सर्व आकडे ऐकून हुरळून जाऊ नये. हे अभ्यासांतील रुग्ण आहेत, म्हणजे चालते-फिरते आणि तुलनेने सशक्त. जो रुग्ण दिवसाचा बहुतेक वेळ अंथरुणावर आहे, त्याला हे आकडे लागू पडत नाहीत. आणि औषधांच्या किमती हा वेगळा डोंगर आहे. इम्युनोथेरपीचा खर्च सामान्य कुटुंबाला झेपणारा नाही; ऑसिमर्टिनिबवरील आयात शुल्क २०२४ च्या अर्थसंकल्पात माफ झाले, तरी ती गोळी स्वस्त म्हणता येणार नाही. जेफिटिनिब मात्र अनेक भारतीय कंपन्या बनवितात आणि ती पुष्कळच आवाक्यात आली आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी याच गोळीला जुन्या, परिचित केमोथेरपीची जोड देऊन पाहिली. साडेतीनशे रुग्णांवरील त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. रोग थोपवून धरण्याचा काळ आठ महिन्यांवरून सोळा महिन्यांवर गेला आणि आयुष्यही वाढले. दुष्परिणाम अधिक होते, हेही त्यांनी नमूद केले आहे. परळमध्ये, भारतीय रुग्णांसाठी, भारतीय खिशाचा विचार करून निघालेले हे उत्तर आहे. साहाय्य देणाऱ्या संस्थांनी यातून एक व्यवहार घ्यावा. औषधाच्या पहिल्या बिलाआधी जनुक-तपासणीच्या बिलाला मदत द्यावी, कारण तो रिपोर्ट हाती नसताना "किती दिवस" या प्रश्नाला उत्तरच नाही.

डॉक्टरांचा अंदाज तरी कितपत अचूक असतो? शिकागो परिसरात अखेरच्या दिवसांतील ४६८ रुग्णांविषयी ३४३ डॉक्टरांना विचारण्यात आले आणि त्यांच्या उत्तरांची प्रत्यक्षाशी तुलना करण्यात आली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात केवळ २० टक्के अंदाज बरोबर निघाले. ६३ टक्के डॉक्टरांनी प्रत्यक्षापेक्षा अधिक आयुष्य सांगितले, १७ टक्क्यांनी कमी. त्यातही गंमत अशी की, डॉक्टरांची रुग्णाशी ओळख जितकी जुनी, तितका अंदाज अधिक चुकलेला. ममता मोजमापाच्या आड येते! कुटुंबाच्या डॉक्टरांविषयीचा आदर कायम ठेवूनही हे लक्षात असू द्यावे.

पॉल कलानिधी या भारतीय वंशाच्या अमेरिकी न्यूरोसर्जनने हा प्रश्न दोन्ही बाजूंनी अनुभवला. धूम्रपान न करणाऱ्या या तरुणाला २०१३ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, चौथ्या अवस्थेतील फुफ्फुसाचा कर्करोग निघाला. डॉक्टर म्हणून रुग्णांना नेमका आकडा सांगणे ते टाळीत. रुग्ण झाल्यावर तोच आकडा त्यांना हवासा वाटू लागला. तीन महिने असतील तर ते कुटुंबासोबत घालवावेत, एक वर्ष असेल तर पुस्तक लिहावे, दहा वर्षे असतील तर पुन्हा शस्त्रक्रियेकडे जावे, असा त्यांचा हिशेब होता आणि तो हिशेब सोडवून द्यायला कोणीच तयार नव्हते. ईजीएफआरचा दोष सापडला, गोळी लागू पडली, ते काही काळ शस्त्रक्रियागृहात परतले, त्यांना मुलगी झाली. मार्च २०१५ मध्ये, निदानानंतर बावीस महिन्यांच्या आत, त्यांचे निधन झाले. अर्धवट राहिलेले त्यांचे पुस्तक पुढील वर्षी जगभर वाचले गेले. आकडा न मिळताही त्यांनी तिन्ही कामांना हात घातला होता.

जैन श्रोत्यांपुढे हा विषय मांडताना आयुकर्माचा उल्लेख टाळता येणार नाही. आठ कर्मांतील हे कर्म. जीवाचे आयुष्य पूर्वभवातच बांधले जाते आणि ते क्षणभरही वाढविता येत नाही, हा सिद्धांत सर्वांना परिचित आहे. निर्वाणसमयी इंद्राने प्रार्थना करूनही भगवान महावीरांनी आयुष्य क्षणभर लांबविणे शक्य नसल्याचे सांगितले, ही श्वेतांबर परंपरेतील कथा अनेकांनी पर्युषणात ऐकली असेल. यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की, मग उपचार कशाला? येथे सिद्धांताचा निम्मा भागच लक्षात घेतला जातो. शास्त्रकारांनी आयुष्याचे सोपक्रम आणि निरुपक्रम असे दोन भेद केले आहेत. सामान्य मनुष्याचे आयुष्य विष, शस्त्र, रोग अशा निमित्तांनी मुदतीपूर्वीच उपभोगून संपू शकते. आयुष्य वाढविता येत नाही, पण ते अकाली तुटू शकते; आणि तुटण्याचे निमित्त दूर करणे हे औषधाचे काम आहे. या दृष्टीने पाहिले तर उपचार घेणारा श्रावक कर्मसिद्धांताच्या विरोधात जात नाही. बांधलेले आयुष्य किती, हे छद्मस्थाला ठाऊक नसते. डॉक्टरही छद्मस्थच.

याच संदर्भात सल्लेखनेचा किंवा संथाऱ्याचा प्रश्न अनेक घरांत उभा राहतो आणि तो अत्यंत नाजूक आहे. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये या व्रताला आत्महत्येच्या पंक्तीत बसविले, तेव्हा देशभरातील जैन समाज रस्त्यावर उतरला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. आत्महत्या आणि सल्लेखना यांतील भेद समाजाने तेव्हा मोठ्या निष्ठेने मांडला. तो भेद टिकतो कशावर, हे मात्र पुन्हा एकदा पाहिले पाहिजे. आचार्य समंतभद्रांनी श्रावकाचारात सल्लेखनेची जी कारणे सांगितली, त्यांत उपसर्ग, दुर्भिक्ष आणि जरा यांच्यासह रोगही आहे. परंतु तो निष्प्रतिकार असावा, म्हणजे त्यावर इलाज उरलेला नसावा, ही अट आहे. दक्षिण महाराष्ट्राला वंदनीय असलेल्या आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीवर छत्तीस दिवसांच्या सल्लेखनेने देह ठेवला, तो दृष्टी मंदावून अहिंसेचे व्रत निर्दोष पाळणे अशक्य झाले तेव्हा. निर्णयामागे देहाच्या अवस्थेची तपासणी होती, कोणी सांगितलेल्या मुदतीची धास्ती नव्हती.

मग "निष्प्रतिकार" हे ठरवायचे कोणी आणि कशावरून? १९९५ मध्ये जो रोग निष्प्रतिकार होता, तोच आज रोज एका गोळीने तीन वर्षे आटोक्यात राहू शकतो. जनुकाचा रिपोर्ट येण्याआधीच "चौथी अवस्था" हे दोन शब्द ऐकून वृद्ध मातेने अन्नत्यागाची भाषा करावी आणि घरच्यांनी ती धर्मभावना समजून मान डोलवावी, हे शास्त्राला धरून आहे काय? कित्येकदा त्या भाषेमागे मुलांवर खर्चाचा बोजा नको, एवढाच विचार असतो. तो विचार मातेचा आहे, व्रतीचा नाही. दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच गंभीर आहे. दोन-तीन औषधे निष्फळ ठरली, शरीर खंगले, अन्न नकोसे झाले, तरीही आशेपोटी रुग्णाला अतिदक्षता विभागात नेऊन कृत्रिम श्वासयंत्राला जोडले जाते आणि ज्याने आयुष्यभर समाधिमरणाची भावना भाविली त्याच्या कानावर अखेरचा णमोकार पडण्याऐवजी यंत्राची शिटी पडते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मरणासन्न रुग्णाचा असा उपचार नाकारण्याचा अधिकार मान्य केला आणि २०२३ मध्ये आगाऊ इच्छापत्राची पद्धत सोपी केली. ते इच्छापत्र बोलता-चालता असतानाच करावे लागते.

सल्लेखनेचे पाच अतिचार पाठशाळेत पाठ करून घेतले जातात. त्यांत जीविताशंसा आणि मरणाशंसा शेजारीशेजारी आहेत. जगण्याची आसक्ती हा दोष, तसाच लवकर मरण येण्याची इच्छा हाही दोष. पाचवा अतिचार निदान. वैद्याच्या निदानाशी त्याचा अर्थाने काही संबंध नाही, तेथे निदान म्हणजे व्रताच्या बदल्यात पुढील भवातील भोगांची अभिलाषा. तरीही शब्द एकच असल्याने ज्येष्ठ मंडळींची कधीकधी गफलत होते, म्हणून हा खुलासा.

रुग्णाला सांगावे की सांगू नये? बहुसंख्य घरांत सांगत नाहीत. रिपोर्ट कपाटात, "छातीत पाणी झाले आहे" एवढेच वडिलांना ठाऊक. हेतू प्रेमाचा असतो. पण परिणाम असा होतो की, क्षमापना, दान, प्रत्याख्यान, वारसांशी बोलणे या ज्या गोष्टी केवळ त्या व्यक्तीनेच करावयाच्या असतात, त्यांची संधीच तिच्याकडून काढून घेतली जाते. बहुतेक वेळा रुग्णाला सारे उमगलेलेही असते. घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून तो न उमगल्याचे दाखवितो. दोन्ही बाजू परस्परांपासून लपवीत राहतात. सांगण्याची एक रीत असते. रुग्णाला किती जाणून घ्यावयाचे आहे, हे आधी त्यालाच विचारावे. आकडा द्यायचाच असेल, तर एक आकडा न देता तीन मागून घ्यावेत. सर्व काही अनुकूल झाले तर किती, प्रतिकूल झाले तर किती, आणि बहुतेकांच्या बाबतीत किती. "दोन-तीन महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंत, बहुतेकांना वर्ष-दीड वर्ष" हे उत्तर "सहा महिने" या उत्तरापेक्षा लांबलचक असेल, पण सत्याच्या अधिक जवळ असते.

उपशामक उपचार, ज्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, त्याविषयी समाजात फार मोठा गैरसमज आहे. सर्व उपाय हरले की तेथे पाठवायचे, अशी समजूत. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात पसरलेल्या फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्याच उपचारांसोबत पहिल्यापासून उपशामक उपचारतज्ज्ञांच्या भेटी. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुसऱ्या गटाची मनःस्थिती चांगली राहिली, अखेरच्या काळात त्यांनी यातनादायी उपचार कमी घेतले, आणि तरीही ते अधिक जगले. मध्यक ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने. अनेक महागड्या औषधांना न साधलेली ही गोष्ट बोलण्याने, धाप आणि वेदना वेळीच आवरण्याने साधली.

जैन घरांतील काही बारीकसारीक गोष्टी डॉक्टरांना ठाऊक नसतात आणि रुग्ण त्या सांगत नाहीत. चौविहार पाळणारा रुग्ण सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही. सिस्प्लॅटिनसारख्या केमोनंतर मूत्रपिंडे जपण्यासाठी भरपूर पाणी जावे लागते. मग केमो सकाळी लवकर देऊन सलाइनची व्यवस्था करता येते, फक्त आधी सांगावे लागते. एर्लोटिनिबची गोळी रिकाम्या पोटी घ्यायची असते, ऑसिमर्टिनिब केव्हाही चालते. तेव्हा बियासणे किंवा एकासणे करणाऱ्याचे वेळापत्रक बसू शकते. केमोच्या दिवसांत वजन घटत असताना अठ्ठाई करण्याचा हट्ट मात्र गुरूंना विचारल्यावाचून करू नये. साधुसाध्वी बहुधा परवानगी देत नाहीत, आणि रुग्णाने केलेल्या अनुमोदनेचेही मोल ते समजावून सांगतात. उकळून गार केलेले पाणी पिण्याची रूढी, पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णासाठी, वैद्यकालाही मान्य आहे. आणि ज्यांच्या घरात विडी, सिगारेट किंवा मिश्री आहे त्यांच्यासाठी एवढेच. मॉस्कोतील पहिल्या टप्प्यांतील पाचशेहून अधिक रुग्णांच्या पाहणीत, निदान झाल्यानंतर धूम्रपान सोडणारे रुग्ण न सोडणाऱ्यांपेक्षा सरासरी पावणेदोन वर्षांहून अधिक जगले. "आता सोडून काय उपयोग" या वाक्याला यापलीकडे उत्तर नको.

शेवटी मॉर्फिनविषयी. अखेरच्या दिवसांत फुफ्फुसाच्या रुग्णाला सर्वाधिक छळते ती धाप. मॉर्फिनच्या अल्प मात्रेने ती पुष्कळच शमते. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर ते मिळविणे सोपे झाले आहे, आणि मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून चालणाऱ्या शांती अवेदना सदनासारख्या ठिकाणी त्याचा दीर्घ अनुभव आहे. काही कुटुंबे ते नाकारतात, कारण शुद्ध हरपेल, नवकार मनात राहणार नाही, अशी भीती असते. भीती समजण्यासारखी आहे. योग्य मात्रेत सुरुवातीचे दोन-तीन दिवस गुंगी राहते, मग बहुधा ओसरते आणि रुग्ण बोलू लागतो. मात्रा ठरविताना "त्यांना स्तोत्र ऐकता यायला हवे, तेवढीच द्या" असे डॉक्टरांना सांगता येते. ते मात्रा त्या बेताने बसवून देतात. खोलीची खिडकी उघडी ठेवावी, उशी उंच करावी, चेहऱ्यावर पंख्याचा हलका वारा येऊ द्यावा, आणि खोलीत एका वेळी दोनच माणसे असावीत, एक हात धरायला आणि एक पाठ म्हणायला.